रवांडाला पुन्हा जाताना: जुने मिशन, गोरिला आणि दोघांचा प्रवास

संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर १९९४ ते १९९६ या काळात रवांडात राहून आलेला माजी सैनिक आता पत्नीला घेऊन तिकडे जायचे ठरवतो, तेव्हा सर्वांत आधी तो स्वस्त विमानतिकिटे शोधतो. चूक तिथेच होते. मी आणि पत्नी असे आम्ही दोघे जाऊन आल्यापासून ज्यांनी मला चौकशीसाठी फोन केले, त्यांतील बहुतेकांनी तिकिटे आधीच काढलेली होती, आणि मग त्या तारखांना गोरिला पाहण्याचे परमिट शिल्लक नाही, पत्नीच्या पासपोर्टावरील नाव इतर कागदांशी जुळत नाही, लस घ्यायची राहिली आहे, अशा अडचणी एकेक करून वर येत होत्या. यांतले कोणतेही काम अवघड नाही, परंतु क्रम चुकला की तेच काम महागात पडते. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने लिहिले आहेत, त्याच क्रमाने पार पाडावेत.

## १. पासपोर्ट आणि नावे

परमिटावर प्रवाशाचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे ज्या पासपोर्टावर प्रवास करायचा तो पासपोर्ट हातात आल्याशिवाय पुढचे कोणतेही काम सुरू करू नये. मुदत संपायला वर्षभरापेक्षा कमी काळ उरला असेल, तर आधी नूतनीकरण करून घ्यावे.

नावांचा घोळ बहुधा पत्नीच्या बाबतीत होतो. लष्करी नोंदींत तिचे नाव लग्नानंतर पार्ट-टू ऑर्डरने, म्हणजे नोंदीत बदल करणाऱ्या लष्करी आदेशाने, चढलेले असते, आधारवर ते वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असते आणि पासपोर्टावर तिसऱ्याच पद्धतीने येते. माझ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवापुस्तिकेत, पत्नीच्या नावाला ‘बाई’ जोडलेले आहे, पासपोर्टावर नाही. प्रवासापुरते पासपोर्टावरील नाव हेच खरे मानावे आणि परमिट, तिकीट, लसीचा दाखला व विमा या चारही ठिकाणी ते अक्षरशः तसेच लिहून घ्यावे. डिस्चार्ज बुक घरीच ठेवावे, कारण तिकडे ते कोणी मागत नाही.

व्हिसाची चिंता तुलनेने कमी आहे. भारतीय पासपोर्टधारकांना किगाली विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. मात्र वाटेत केनिया किंवा युगांडातही थांबायचे असेल, तर त्या देशांची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते.

तपासणी: दोघांचे पासपोर्ट शेजारी ठेवून आडनाव आणि नाव हे रकाने वाचा. आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर आधी ती दुरुस्ती करा.

## २. परमिट आधी, तिकीट नंतर

ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानातील गोरिला पाहण्याचे परमिट परदेशी पर्यटकाला माणशी १,५०० डॉलरला पडते, म्हणजे दोघांचे ३,००० डॉलर. एका गोरिला-कुटुंबाकडे एका दिवशी जास्तीत जास्त आठ माणसे सोडतात, त्यामुळे परमिटे मोजकीच असतात आणि जून ते सप्टेंबर या कोरड्या हंगामातील तारखा कित्येक महिने आधी संपतात. विमानाची जागा आज नाही तर उद्या मिळते, परमिटाचे तसे नाही. म्हणून आधी परमिटाची तारीख पक्की करावी आणि तिच्या मागेपुढे प्रवास बसवावा.

परमिट रवांडा डेव्हलपमेंट बोर्डाकडून थेट किंवा एखाद्या सहल कंपनीमार्फत घेता येते. कंपनीमार्फत घेतल्यास ‘बुकिंग झाले’ एवढ्या निरोपावर विसंबू नये. आमच्या पहिल्या एजंटाने केवळ पैसे मिळाल्याची पावती पाठवली होती, आणि प्रत्यक्ष परमिटाची प्रत मागितल्यावर तीन आठवडे टोलवाटोलवी केली. तारीख, दोघांची नावे आणि पासपोर्ट क्रमांक असलेली प्रत हाती आल्यावरच उरलेली रक्कम द्यावी.

तारीख निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. मार्च ते मे या काळात पावसाचा जोर असतो आणि वाटा निसरड्या होतात. ७ एप्रिलपासूनचा आठवडा देशभर १९९४ च्या नरसंहाराच्या स्मरणाचा, म्हणजे क्विबुकाचा असतो, त्या दिवसांत करमणुकीचे कार्यक्रम बंद असतात आणि एकंदर वातावरण दुखवट्याचे असते. काही जण याच आठवड्यात मुद्दाम जातात, ते योग्यही आहे, परंतु त्याला गोरिला आणि सफारी जोडू नये. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उमुगांडा, म्हणजे सार्वजनिक श्रमदान असते आणि सकाळी आठ ते अकरा वाहतूक जवळजवळ थांबते, म्हणून त्या सकाळी लांबचा प्रवास ठेवू नये. चौथी गोष्ट म्हणजे परमिटाचा दिवस उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी नसावा.

परमिट हाती आल्यावर मग तिकीट काढावे. मुंबईहून आदिस अबाबा, नैरोबी किंवा दोहामार्गे किगालीला जाता येते.

सावधान: एवढा खर्च झेपणारा नसेल, तर त्याच उद्यानात सोनेरी माकडे पाहण्याचे परमिट १०० डॉलरला मिळते. गोरिलांसाठी कर्ज काढून जाणारेही मी पाहिले आहेत. माझा सल्ला तसे न करण्याचा आहे.

## ३. लस, औषधे आणि गुडघे

यलो फीवरचा, म्हणजे पीतज्वराचा दाखला तिकडे जाताना जितका लागतो, त्याहून अधिक परत येताना लागतो. पीतज्वराच्या यादीतील देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे वैध दाखला नसेल, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. वाटेत केनिया किंवा इथिओपियात विमान बदलणाऱ्यांनी तर हे गृहीतच धरावे. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो. प्रवासाच्या आठवड्यात धावपळ करणारे इथेच अडकतात.

माजी सैनिकांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. मिशनवर जाताना तुम्हाला ही लस दिलेली असणार आणि तो पिवळा दाखला अजून पेटीत असेल, तर तो फेकू नका. जुलै २०१६ पासून या लसीचा दाखला आयुष्यभरासाठी वैध धरला जातो, त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही. दाखला वाचता आला पाहिजे आणि त्यावरील नाव पासपोर्टाशी जुळले पाहिजे, एवढेच. पत्नीला मात्र लस नव्याने घ्यावी लागेल. साठी ओलांडलेल्या व्यक्तीने ही लस पहिल्यांदाच घेण्यात दुष्परिणामांचा धोका थोडा अधिक असतो, म्हणून वय, जुने आजार आणि चालू औषधे डॉक्टरांना स्पष्ट सांगून निर्णय घ्यावा. लस देणे योग्य नसेल, तर डॉक्टर तसे सूट-प्रमाणपत्र देतात.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात. ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड रवांडात चालत नाही, त्यामुळे प्रवास विमा घ्यावाच आणि त्यात डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च धरलेला आहे का, हे वाचून पाहावे. रोजच्या गोळ्या दहा दिवस जास्तीच्या, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह न्याव्यात.

आता गुडघे. किगाली शहरच समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतके, आणि गोरिला त्याहून हजारभर मीटर वर, २,५०० मीटरच्या पुढे राहतात. निघण्यापूर्वी किमान सहा आठवडे दोघांनी एकत्र चढ-उताराचा सराव करावा. साताऱ्याकडील माणसाला अजिंक्यतारा पुरतो. सपाट रस्त्यावरची रोजची फेरी ही याची तयारी नव्हे, कारण त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो.

तपासणी: ही एक तपासणी मात्र परमिटाच्याही आधी करावी. पाठीवर चार किलो घेऊन तीन तास चढ-उतार केल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो का, ते पाहा. सुजत असेल, तर परमिट घेण्यापूर्वी हाडांच्या डॉक्टरांना भेटा.

## ४. जुनी नावे नव्या नकाशावर लावणे

हे काम घरी बसून करायचे आहे आणि नेमके हेच बहुतेक जण टाळतात. तुमच्या डायरीतली, पत्रांतली आणि फोटोंच्या मागे लिहिलेली गावांची नावे आता नकाशावर सापडणार नाहीत. २००६ च्या प्रशासकीय फेररचनेत मोठ्या गावांची नावे बदलली: रुहेंगेरीचे मुसांझे झाले, गिसेन्यीचे रुबावू, किबुयेचे करोंगी, च्यांगुगूचे रुसिझी, बुतारेचे हुये आणि गितारामाचे मुहांगा. वयस्कर माणसे बोलताना जुनी नावे वापरतात, तरुण चालकाला ती ठाऊक असतीलच असे नाही. भाषाही बदलली आहे. तुमच्या वेळी कार्यालयांत फ्रेंच चाले, २००८ नंतर शाळांतून इंग्रजी आली. त्यामुळे तिशीच्या आतल्या माणसाशी बोलणे आता सोपे जाते.

एका कागदावर चार रकाने करा: जुने नाव, नवे नाव, खूण आणि डांबरी रस्त्यापासूनचे अंतर. खूण म्हणून इमारत लिहू नका, कारण तीस वर्षांत इमारती राहत नाहीत. टेकडीचा आकार, ओढा, चर्च आणि रस्त्याचे वळण या खुणा टिकतात. माझ्या कागदावर ‘सिग्नल मास्ट’ असे लिहिलेले होते. मास्टचा अर्थातच मागमूस नव्हता, परंतु ज्या उतारावर तो उभा होता त्याच्या पायथ्याशी दोन ओहोळ एकत्र येतात हे मला आठवत होते, आणि त्या एका खुणेवरून चालकाने जागा अर्ध्या तासात शोधून काढली. आता तिथे बटाट्याचे वाफे आहेत.

जुने फोटो मोबाइलमध्ये घ्यावेत, मूळ प्रती नेऊ नयेत. मिशनच्या पदकाचा फोटोही पुरेसा आहे.

सावधान: लष्करी छापाचे कपडे, टोपी किंवा बॅग सामानात ठेवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांची निळी बेरे टोपी घालून फोटो काढण्याची इच्छा अनेकांना होते. ती घरी पूर्ण करावी.

## ५. दिवसांची मांडणी

अकरा दिवस पुरतात, आठ दिवसांत ओढाताण होते. आम्ही जी मांडणी केली आणि पुन्हा गेलो तरी जी करू, ती अशी: पहिला दिवस उतरण्याचा, दुसरा किगालीत विश्रांतीचा आणि गिसोझीच्या नरसंहार स्मारकाचा, तिसरा व चौथा जुन्या नेमणुकीच्या गावाचा, पाचवा किवू सरोवराकाठी करोंगीला काहीही न करण्याचा, सहावा मुसांझेला पोहोचण्याचा, सातवा गोरिलांचा, आठवा पाय मोकळे करण्याचा, नववा व दहावा अकागेरा राष्ट्रीय उद्यानातील सफारीचा आणि अकरावा परतीचा.

यातले तत्त्व असे की आठवणींचे दिवस आधी संपवावेत आणि जंगल नंतर घ्यावे. उलट केले तर गोरिला पाहतानाही मन पुढच्या गावात असते, आणि शेवटचा दिवस स्मारकात घालवून विमानात बसणे दोघांनाही जड जाते. दुसरे असे की आपल्यासाठी जे गाव म्हणजे आयुष्यातली दोन वर्षे, ते पत्नीसाठी केवळ पत्रावरचा पत्ता होता. तिने त्या काळात इकडे एकटीने घर चालवले, तिला तिकडच्या बराकीचे कौतुक असलेच पाहिजे असे नाही. म्हणून अकरा दिवसांतले दोनच दिवस जुन्या जागेला द्यावेत आणि उरलेल्या दिवसांचा कार्यक्रम तिने ठरवावा. आमच्याकडे करोंगीचा मोकळा दिवस तिने घातला. तो नसता, तर माझ्याने डोंगर चढवला नसता.

अंतरे नकाशावर लहान दिसतात, पण रस्ते वळणाचे आहेत आणि वेगमर्यादेचे कॅमेरे जागोजागी आहेत. किगाली ते मुसांझे सव्वादोन ते अडीच तास, किगाली ते हुये सुमारे तीन तास, न्युंग्वे जंगलापर्यंत पाच ते सहा तास धरावेत.

## ६. सामान आणि पैसे

इथे आपल्या घरांत हमखास होणारी चूक म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. रवांडात त्यांच्यावर २००८ पासून बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतल्या जातात. आपण भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चपला, ओले टॉवेल, सगळेच पिशवीत बांधतो. घरून निघतानाच खाऊ डब्यांत आणि कपडे सुती पिशव्यांत भरावेत. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, कारण उकडलेली कच्ची केळी, बटाटे, घेवड्याची उसळ आणि भात सर्वत्र मिळतो. तिखट मात्र आपले आपण न्यावे.

कपड्यांत एक बारकावा आहे. अकागेरात त्सेत्से माश्या असतात आणि त्या निळ्या व काळ्या रंगाकडे येतात, म्हणून सफारीसाठी मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावेत. डोंगरासाठी जाड पँट, लांब मोजे, पावसाळी अंगरखा आणि बागकामाचे जाड हातमोजे लागतात. नवे बूट नेऊ नयेत.

डॉलरच्या नोटा नव्या छापाच्या आणि न फाटलेल्या असाव्यात, कारण जुन्या नोटा नाकारल्या जातात. किरकोळ खर्चासाठी रवांडी फ्रँक तिथेच बदलून घ्यावेत.

## ७. जुन्या जागेवर

जिथे आपला तळ होता ती जागा आज सरकारी, लष्करी किंवा खासगी असेल. आत जाण्याचा हक्क आपल्याला नाही, हे मनाशी पक्के करूनच निघावे. सैनिक, पोलीस, सरकारी इमारती आणि सीमाचौक्या यांचे फोटो काढू नयेत. फाटकासमोर गाडी थांबवून कॅमेरा काढणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत त्रासदायक चूक आहे. आधी मार्गदर्शकाला पुढे पाठवावे, तो गावच्या कार्यालयात बोलेल, आणि ‘नाही’ म्हटले गेल्यास रस्त्यावरूनच पाहून परतावे. किगालीतील अमाहोरो स्टेडियम, जिथे १९९४ मध्ये हजारो लोकांनी आसरा घेतला होता, ते नव्याने बांधून २०२४ मध्ये खुले झाले आहे, त्यात जुने काही शोधू नये.

लोकांशी बोलताना तीन पथ्ये पाळावीत. कोण हुतू, कोण तुत्सी (देशातले दोन समाज) हे कोणालाही, गमतीनेही विचारू नये. तिथे तो प्रश्न अत्यंत अपमानास्पद समजला जातो आणि वांशिक फूट पाडणाऱ्या बोलण्याबद्दल कायदेही कडक आहेत. कोणाला त्याचे घरचे लोक कुठे आहेत असे आपणहून विचारू नये, तो सांगेल तेवढे ऐकावे. आणि ‘आम्ही तुमच्या मदतीला आलो होतो’ या वाक्याने सुरुवात करू नये. नरसंहार चालू असताना, एप्रिल १९९४ मध्ये, सुरक्षा परिषदेने मिशनचे बळ सुमारे अडीच हजारांवरून २७० वर आणण्याचा ठराव केला होता. भारताची तुकडी त्यानंतर आली हे खरे, परंतु समोरच्याच्या लेखी निळी टोपी एकच असते. माझ्या अशाच वाक्यावर एक म्हातारे गृहस्थ नुसते ‘हो, तुम्ही होतात’ एवढेच म्हणाले आणि पुढे शेताकडे निघून गेले. त्यांचा राग धरण्याचे मला काही कारण नव्हते.

स्मारकांपैकी आधी गिसोझीचे पाहावे. तिथे अडीच लाखांहून अधिक बळी पुरलेले आहेत आणि मांडणी समजावून सांगणारी आहे. न्यामाताच्या चर्चमध्ये मृतांचे कपडे बाकांवर तसेच ठेवलेले आहेत, आणि मुरांबीला चुन्यात जतन केलेले मृतदेह आहेत. ही दोन ठिकाणे पाहायची की नाहीत, हे गिसोझीहून परतल्यावर दोघांनी बोलून ठरवावे. एकाला नको वाटल्यास दुसऱ्याने आग्रह करू नये.

सावधान: पुढे काँगोच्या मिशनवर गोम्यात राहिलेल्यांना रुबावूहून सीमेपलीकडे डोकावण्याचा मोह होतो. जानेवारी २०२५ मध्ये गोमा बंडखोरांच्या ताब्यात गेले. सीमा ओलांडण्याचा विचारही करू नये, आणि रुबावूला जाण्यापूर्वी भारतीय उच्चायुक्तालयाची सूचना वाचावी.

## ८. गोरिलांचा दिवस

सकाळी सात वाजता किनिगी येथील उद्यान कार्यालयात हजर राहावे लागते, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम मुसांझे किंवा किनिगीतच हवा. कार्यालयापासून चढाई सुरू होते त्या ठिकाणापर्यंत उद्यान गाडी देत नाही. चारही चाकांना जोर मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) आपली गाडी आणि चालक सोबत हवा. हे ठाऊक नसल्याने टॅक्सीने आलेले एक जोडपे आमच्यासमोर सकाळी सव्वासातला दुसऱ्यांच्या गाडीत जागा मागत फिरत होते.

गटवाटप इथेच होते. काही गोरिला-कुटुंबे तासाभराच्या चालीवर असतात, काही चार-पाच तासांच्या. वय आणि गुडघ्यांची स्थिती मार्गदर्शकाने वाटपापूर्वी सांगितली, तर जवळचा गट मिळण्याची शक्यता असते. वाटप झाल्यावर सांगून उपयोग नसतो. इथे फौजी ऐट आड येऊ देऊ नये.

हमाल घ्यावा, दोघांसाठी दोन. पिशवी मला उचलता येते हा मुद्दाच नाही. चिखलात पाय रुतला की वर ओढणारा हात लागतो. मी आधी नको म्हटले आणि दगडी कुंपण ओलांडून दहा मिनिटे चढल्यावर मागे वळून हाक मारली. हमालाने न बोलता पिशवी घेतली, माझ्या बायकोकडे पाहून हसला, आणि तिने त्याला आधीच थांबवून ठेवले होते हे मला तेव्हा कळले. पुढे बांबूचे बन लागते आणि अंगाला लागताच आग करणारी पाने, तिथे हातमोजे चढवावेत आणि पँट मोज्यांत खोचावी.

गोरिलांजवळ एकच तास मिळतो. मार्गदर्शक सांगेल त्या अंतराच्या आत आपण जायचे नाही. तेच जवळ आले तर हळूच मागे सरायचे, धावायचे नाही. फ्लॅश बंद, मास्क तोंडावर, खोकला आला तर कोपरात. चंदेरी पाठीचा नर उठून उभा राहिला की मान खाली घालून बसावे. पहिली पंधरा मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. तासभर पडद्यातूनच पाहिल्याचा पश्चात्ताप मी अनेकांकडून ऐकला आहे.

तपासणी: आदल्या संध्याकाळी दोघांनी ताप, खोकला, जुलाब पाहून घ्या. गोरिलांना माणसाचे आजार लागतात, त्यामुळे सर्दीची लक्षणे दिसली तरी प्रवेश नाकारला जातो.

## ९. अकागेरा किंवा न्युंग्वे

दोन्ही बसवू नका, एक निवडा. अकागेरात गाडीत बसून सिंह, गेंडे आणि पाणघोडे दिसतात, म्हणून थकलेल्या पायांना ते बरे. न्युंग्वेत झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा झुलता पूल आणि चिंपांझी आहेत, पण पुन्हा चालणे आले आणि गाडीतले पाच-सहा तासही.

## १०. परत येताना

पिवळे दाखले हातातल्या पिशवीत, पासपोर्टासोबत ठेवावेत, सुटकेसमध्ये नव्हे. मुंबईला इमिग्रेशनच्या आधी आरोग्य कक्षात ते मागितले जातात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घरी आल्यावरही चालू ठेवाव्यात. पुढील काही महिन्यांत दोघांपैकी कोणालाही ताप आला, तर तो अंगावर काढू नये, त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे पहिल्या वाक्यात सांगावे.